आईला सांगायला योग्य शब्द कोणता? मदत हवी आहे

नमस्कार. मी फोंड्याची. घरी कोकणी बोलतो, पण आईचं सगळं वाचन मराठी. माझ्या भाचीने मला सांगितलंय, की ती लेस्बियन आहे. चवथीला सगळे जमतील तेव्हा आजीलाही सांगायचं तिच्या मनात आहे, आणि शब्द शोधायचं काम माझ्याकडे आलंय.

‘समलैंगिक’ म्हटलं की आईच्या डोळ्यांसमोर वर्तमानपत्रातलं ३७७ कलम येतं. सुप्रीम कोर्टाच्या ६ सप्टेंबर २०१८ च्या निकालाने समलैंगिक संबंध हा गुन्हा उरला नाही, तरी शब्दाला कोर्टाचा वास आहेच. शिवाय त्यात ‘लैंगिक’ आधी ऐकू येतं, प्रेम येतच नाही. ‘मैत्रीण’ किंवा आमचं ‘इश्टीण’ म्हणावं, तर खरं तेच झाकलं जातं. मागे एका नातेवाईक बाईंनी ‘तसली’ म्हटलं, तेव्हा पोर भरल्या ताटावरून उठली. ते मला अजून सलतं.

तिला स्वतःला ‘लेस्बियन’च आवडतो. लेस्बॉस बेटावरच्या सॅफो या प्राचीन कवयित्रीमुळे तो आला, हे सांगताना ती खुलते. मग तोच वापरून पुढे ‘तिचं मुलीवर प्रेम आहे, ती तिची जोडीदार’ असं सांगू का? तुमच्या घरी वडीलधाऱ्यांशी कोणत्या शब्दांत बोललात? कृपया नेमकी वाक्यं लिहा.