गार्ड, टॅप, चोक: जिउ-जित्सूच्या पत्रकासाठी मराठी शब्द सुचवा

सिडकोकर:
इंदिरानगरला ब्राझिलियन जिउ-जित्सूची नवशिक्यांची बॅच सुरू होतेय. बरीचशी पोरं अकरावी-बारावीची. खेळ जमिनीवरच्या पकडींचा, पण घरच्यांना हे कराटेच वाटतं, म्हणून पालकांसाठी एक पानी मराठी पत्रक लिहायचं काम शिकवणाऱ्या दादांनी माझ्या गळ्यात मारलंय. ओढूनताणून मराठी करायचं नाही, पण चालता शब्द असेल तर तोच वापरावा. डाव, पकड, पट्टा हे आपोआप बसले. अडलंय ते गार्ड, सबमिशन (समोरच्याला हार मानायला लावणारी पकड), टॅप (हार मानली म्हणून हाताने थोपटून केलेली खूण) आणि चोकवर. गार्डला 'बचाव' लिहिलं, तर दादा म्हणाले, अर्धंच सांगितलंस.

पंचवटीकर:
दादांचं बरोबर आहे. गार्डमध्ये खेळणारा पाठीवर असतो आणि समोरचा त्याच्या पायांमध्ये अडकलेला. खालचा तिथूनच हात पिळतो, मान आवळतो, नाहीतर समोरच्याला उलटवून स्वतः वर येतो. याला नुसता बचाव कसं म्हणणार?

तालमीत वाढलेल्याला हे पचायला जड जातं, कारण आपली सगळी भाषा पाठीवर बेतलेली. चीत, चितपट, चारी मुंड्या चीत, अस्मान दाखवलं, पाठ लागली. मिरवायचं असेल तर 'पाठीला कधी माती लागली नाही'. जिउ-जित्सूत पाठ टेकली म्हणून कोणी हरत नाही. खाली पाडणाऱ्याला २ गुण मिळतात, पाय ओलांडून बाजूला येऊन पक्कं बसलं तर ३, छातीवर स्वार झालं किंवा मागून चिकटून दोन्ही पाय आत अडकवले तर ४. पण खालच्याने गार्डमधून उलटवून वरची जागा घेतली की त्यालाही २. आणि कोणी मध्येच हार मानली तर गुणांना विचारतो कोण!

तेव्हा गार्डला कुस्तीत शब्द शोधू नका, ती चीजच आपल्याकडे नाही. 'गार्ड' तसाच ठेवा आणि पुढे एक वाक्य समजावून लिहा. फक्त क्लोज्ड गार्ड, म्हणजे समोरच्याच्या कमरेमागे घोटे एकमेकांत अडकवलेले असतात तो, त्याला 'पायांची कडी' म्हणता येईल. कडी घातली, कडी उघडली, मग पाय ओलांडले. पोरांना ऐकताच कळेल.

सिडकोकर:
कडी एकदम पसंत. सबमिशनला 'शरणागती' कसं वाटतं?

पंचवटीकर:
तहाची बोलणी चालल्यासारखं वाटतं. 'पेच' आहे ना. डावपेच आपण एका दमात म्हणतो म्हणून दोन्ही एकच वाटतात. पेच मूळचा फारसी, अर्थ पीळ, वळसा. सांध्याला पीळ बसला, सुटायला वाट नाही, तो पेच. 'पेचात पडलो' म्हणतो तेव्हाही हेच म्हणायचं असतं. पाडायचा तो डाव, अडकवायचा तो पेच, अशी वाटणी करून टाका.

मखमलाबादी:
टॅपला कृपा करून 'थाप मारणे' करू नका. 'चोक बसला की लगेच थाप मारावी' असं छापलंत तर पालक म्हणतील, पोरांना खोटं बोलायला शिकवताय. 'थाप देणे' म्हटलं तर तबलजी आठवतो. गंमत म्हणजे पैलवान शड्डू ठोकतो तेव्हाही तळहाताचाच आवाज, पण तो आव्हानाचा. सरळ 'टॅप करणे' लिहा, क्रियापद मराठीत रुळलेलं आहे. फक्त कुठे करायचा ते नीट लिहा: समोरच्याच्या अंगावर, त्याला जाणवेल असा, दोन-तीनदा. दोन्ही हात अडकले असतील तर तोंडाने 'टॅप' म्हणायचं. नवी पोरं हवेत हात हलवतात आणि समोरच्याला कळतच नाही.

गंगापूररोडवाली:
मी फिजिओथेरपी करते, त्यामुळे दोन शब्दांबद्दल हट्ट धरणार आहे.

पहिला, चोक. 'गळा दाबणे', 'नरडं आवळणे' असं लिहू नका. घाबरवतं, शिवाय चूकही आहे. मागून घालतात तो चोक नीट बसला तर श्वासनळीवर दाब नसतोच. कोपराचा कोन हनुवटीखाली येतो, दंड मानेच्या एका बाजूला, पुढचा हात दुसऱ्या बाजूला, आणि दाब येतो दोन्हीकडच्या रक्तवाहिन्यांवर. मेंदूकडे जाणारं रक्त कमी पडलं की काही सेकंदांत शुद्ध हरपते. म्हणून 'मान आवळणे'. नरडं दाबलं जातंय असं वाटलं तर हात सरकलाय असं समजा, आणि तेव्हाही टॅप करायचाच.

दुसरा, मुरगळणे आणि मुरगाळणे. पोरं येऊन सांगतात 'हात मुरगळला'. आपोआप मुरगळला की कोणी मुरगाळला, यावरून कुठे बघायचं ते ठरतं. पडताना तळहात टेकवला तर मनगट मुरगळतं. किमूरा नावाचा हात पिळायचा पेच लावून कोणी मुरगाळला तर मी आधी खांदा बघते. एका कान्याचा फरक, पण तपासणी तिथून सुरू होते. उसण, लचक, मुका मार हे शब्दही पत्रकात येऊ द्या, पालकांना लगेच कळतात.

मखमलाबादी:
किमूरा हे जपानी जुदोपटूचं आडनाव. १९५१ साली रिओच्या माराकाना स्टेडियममध्ये मासाहिको किमूराने एलिओ ग्रेसीला याच पेचात धरलं. हात गेला तरी एलिओने टॅप केला नाही, शेवटी त्याच्या बाजूने टॉवेल टाकला गेला. ज्याने हरवलं त्याचंच नाव ब्राझीलवाल्यांनी डावाला दिलं. दिलदार माणसं!

नावाचंही तसंच. जपानीत 'जुजुत्सू', त्यातला 'जु' म्हणजे मऊ, नमतं घेणारा. जुदोतलाही तोच. मित्सुयो माएदा १९१४ मध्ये ब्राझीलला पोचला तो जुदोवालाच, पण तेव्हा बाहेरच्या देशांत जुदोलाही जिउ-जित्सूच म्हणत, ते नाव तिथे टिकलं. पत्रकात जिउ-जित्सू, जुजुत्सू, ज्युजित्सू असं तीन तऱ्हांनी नको. एकच धरा.

सिडकोकर:
'जिउ-जित्सू' धरतो, वर्गाच्या पाटीवर तेच रंगवलंय. शेवटचा अडथळा, श्रिंप. कुशीवर व्हायचं, एक पाय रोवायचा आणि ढुंगण मागे ढकलत समोरच्यापासून सुटायला जागा करायची. पहिल्या आठवड्यात मॅटच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत हेच चालतं. कोळंबी लिहू?

पंचवटीकर:
लिहा की. अंग तसंच आकसतं आणि पोरं हसत हसत लक्षात ठेवतील. आमच्या वस्तादांच्या कानावर मात्र जाऊ देऊ नका, माळकरी आहेत.

सिडकोकर:
मसुदा असा झालाय:

'पहिले काही आठवडे पडायचं कसं, कोळंबी आणि पायांची कडी एवढंच शिकवलं जाईल. पेच बसतोय असं वाटताच समोरच्याच्या अंगावर दोन-तीनदा टॅप करावा, दुखेपर्यंत थांबू नये. टॅप होताच पकड सोडणे बंधनकारक आहे. नखे कापलेली असावीत. अंगावर नायटा किंवा पुरळ असल्यास मॅटवर येऊ नये. मान, खांदा अथवा गुडघा मुरगळल्यास त्याच दिवशी सांगावे.'

गंगापूररोडवाली:
'मुरगळल्यास किंवा मुरगाळला गेल्यास' करा. आणि 'पुरळ असल्यास'च्या आधी 'खाज' टाका. नायटा आहे हे कोणी कबूल करत नाही, खाज सुटते म्हणतात.