मदत हवी आहे: वॅगन घ्यावी की क्रॉसओव्हर?

घरात आम्ही पाच जण: आम्ही दोघं, दोन मुलं आणि गुडघे दुखणारी आई. माझा जीव वॅगनवर (सेडानसारखीच बुटकी, पण छत मागपर्यंत लांबवून मोठी डिकी दिलेली गाडी) जडलाय. चौथ्या पिढीच्या स्कोडा ऑक्टाव्हिया कॉम्बी या वॅगनची डिकी ६४० लिटर, त्याच कंपनीच्या कॅरॉक या क्रॉसओव्हरची (एसयूव्हीसारखी उंच गाडी) ५२१! शिवाय वॅगन बुटकी, त्यामुळे वळणावर कमी झुकते, पेट्रोलही बेतानं पिते.

पण परवा आईला एका वॅगनमध्ये बसवून पाहिलं. बसली आरामात, उतरताना मात्र दाराची चौकट धरून तीनदा जोर लावला. क्रॉसओव्हरमध्ये नुसती सरकून बसली. धाकट्याच्या सीटचा पट्टा लावताना माझीही कंबर वाचली (हे बायकोला सांगितलेलं नाही).

दोन्ही वापरलेल्यांनी सांगा, वयस्कर माणसांना खालच्या सीटची सवय होते का? की वॅगनचा नाद सोडू?