अनुभव धागा: रोख परकीय चलन आणि विमानतळावरची तपासणी

पासपोर्टवाली (धागाकर्ती)

मंडळी, सुट्ट्या जवळ आल्या की नातेवाइकांच्या ग्रुपवर ठरलेला प्रश्न येतो: डॉलर किती नेता येतात, आणि सिक्युरिटीवाले पकडतात का? उत्तरं ढीगभर येतात, बहुतेक ऐकीव. म्हणून हा धागा. मोठी रक्कम रोख घेऊन ज्यांनी स्वतः प्रवास केलाय त्यांनीच लिहा. कुठून कुठे गेलात, कोणी अडवलं, कोणता कागद दाखवला. मेहुण्याच्या मित्राचे किस्से नकोत.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते, कारण तिथेच सगळ्यांचा घोळ होतो. बॅग स्कॅन करणारे सीआयएसएफचे जवान आणि कस्टम्सचे अधिकारी ही वेगळी माणसं आहेत. जवान बघतो सुरी, लायटर, असलं काही. नोटांचा हिशेब मागणं हे त्याचं मूळ काम नाही. पण स्क्रीनवर कागद नारिंगी दिसतो आणि बंडलं एकावर एक ठेवली की विटेसारखा ठोकळा उमटतो. असा ठोकळा दिसला की बॅग बाजूला जाते, आणि शंका आली की कस्टम्सला निरोप जातो. पुढे काय होतं ते तुम्ही सांगा.

लातूरकर_बाबा

मुलगी बिश्केकला, म्हणजे किर्गिझस्तानात, एमबीबीएसला आहे. पहिल्या वर्षाची फी आणि हॉस्टेलचे पैसे रोख डॉलरमध्ये द्या, असं एजंटानं सांगितलं. आमच्या गावाकडून जाणाऱ्या बहुतेक पोरांचं असंच असतं.

पहिली अडचण इथंच आली. फॉरेक्सवाला, म्हणजे परकीय चलन विकणारा, म्हणाला, ३,००० डॉलरच्या वर नोटा देता येत नाहीत, बाकीचे कार्डावर घ्या. बहुतेक देशांसाठी ते बरोबर आहे. पण इराण, रशिया आणि सीआयएसमधल्या (पूर्वीच्या सोव्हिएत देशांच्या गटातल्या) प्रजासत्ताकांना जाणाऱ्याला सगळी रक्कम नोटांत घेता येते, आणि किर्गिझस्तान त्यात येतं. हे त्याला माहीत नव्हतं. त्यानं वर फोन लावला, तासभर बसवलं, मग दिले. पैसे मी बँकेतून भरले, कारण ५०,००० रुपये किंवा त्याहून जास्त रोख देऊन परकीय चलन विकत घेता येत नाही. बिलावर मुलीचं नाव आणि पासपोर्ट नंबर होता.

दिल्लीला स्कॅनरवर तिची हँडबॅग थांबवली. आत गेली होती ती एकटी, मी बाहेर फोन कानाला लावून. जवानानं विचारलं, "इसमें क्या है?" तिनं सरळ सांगितलं, फीचे डॉलर आहेत. कस्टम्सचा माणूस आला. बिल, विद्यापीठाचं पत्र आणि व्हिसा बघितला, रक्कम ताडून पाहिली, जा म्हणाला. बरोबरच्या एका पोराचे डॉलर ओळखीच्या दुकानदाराकडून घेतलेले होते, थोडे स्वस्त पडले म्हणून. बिल नव्हतं. ती विमानात बसली तरी तो तिथंच उभा होता.

अजून एक सांगतो, हे कुणी सांगत नाही. तिकडं शाईचा डाग असलेली किंवा घडी पडून फाटायला आलेली नोट घेत नाहीत. दोन नोटा परत केल्या. घेतानाच कोऱ्या नोटा मागून घ्या.

दर्यावर्दी_रत्नागिरी

आम्ही जहाजावरचे लोक. पगार घरच्या खात्यात जातो, पण काही रक्कम कॅप्टनकडून रोख उचलता येते. मागच्या वेळी रॉटरडॅमला साइन ऑफ झालो, म्हणजे काम संपवून जहाजावरून उतरलो, तेव्हा खिशात साधारण ७,००० डॉलर होते.

गंमत अशी की युरोपातून निघताना मला काहीच भरावं लागलं नाही, तिथली मर्यादा १०,००० युरोची. मुंबईत उतरल्यावर मात्र फॉर्म लागतो. भारतात परकीय चलन कितीही आणा, बंदी नाही, पण नोटा ५,००० डॉलरच्या वर असतील, किंवा नोटा आणि ट्रॅव्हलर्स चेक वगैरे धरून १०,००० च्या वर, तर करन्सी डिक्लरेशन फॉर्म भरायचा. उतरल्यावर कस्टम्सच्या दोन वाटा असतात: काही सांगायचं नसेल तर ग्रीन चॅनेल, असेल तर रेड. जुने खलाशी सांगतात, "ग्रीनमधून मान खाली घालून निघ, कोण विचारतंय." मी रेड चॅनेलला गेलो. कॅप्टनच्या सहीची वेज स्लिप (पगाराची पावती) दाखवली, त्यांनी नोटा मोजल्या, शिक्का मारून एक प्रत दिली. कर नाही, दंड नाही.

या कागदाचा खरा उपयोग नंतर कळतो. एनआरई (अनिवासी भारतीयांच्या) खात्यात एवढ्या नोटा भरायला गेलो की बँक पहिल्यांदा तोच फॉर्म मागते. ग्रीनमधून निघालेला माझा एक सोबती डॉलर कपाटात ठेवून बसलाय.

पूर्वीची_फॉरेक्स_डेस्क

लातूरकर बाबांचा फॉरेक्सवाला बिचारा अपवाद नाही. मी बँकेत या काउंटरवर नोकरी काढली. लोक तीन वेगळे आकडे एकात मिसळतात. वर्षाला अडीच लाख डॉलर ही एलआरएसची (रिझर्व्ह बँकेच्या परदेशी पैसे पाठवण्याच्या योजनेची) मर्यादा, ती बाहेर पाठवण्याची किंवा खर्च करण्याची एकूण रक्कम. त्यातले नोटांत किती, तर बहुतेक देशांना एका प्रवासाला ३,००० डॉलर. आणि परत आल्यावर उरलेल्या नोटांपैकी २,००० डॉलरपर्यंत जवळ ठेवता येतात, त्याहून जास्तीच्या नोटा १८० दिवसांत बँकेला विकायच्या. नाण्यांना मर्यादा नाही, पण नाणी परत घेतंय कोण!

आपले रुपयेही विसरू नका. बाहेर जाताना किंवा येताना माणशी २५,००० पर्यंतच. नेपाळ-भूतानचे नियम वेगळे.

काकू_एडिसन

सासू-सासरे कायमचे नाशिकला परत निघाले. सासूबाईंच्या कपाटात वर्षानुवर्षांची पाकिटं निघाली, दिवाळीची, वाढदिवसाची, डोहाळजेवणाची. मोजले तर १४,००० डॉलरच्या आसपास. मी म्हटलं बँकेत भरून पाठवू. त्यांना ते पटेना, "माझे पैसे माझ्या पर्समध्ये."

अमेरिकेतून कितीही नेता येतात, पण १०,००० डॉलरच्या वर असतील तर कस्टम्सला फिनसेनचा (तिथल्या अर्थखात्याच्या एका विभागाचा) १०५ नंबरचा फॉर्म द्यावा लागतो. ऑनलाइन भरून प्रिंट दिली. सुरक्षा तपासणीत कोणी चकार शब्द काढला नाही. विचारलं ते अगदी शेवटी, विमानात शिरायच्या बोगद्यात. कस्टम्सचे लोक कुत्रा घेऊन उभे होते. नोटांच्या वासावर शिकवलेला असतो तो. सासूबाईंनी आकडा सांगितला, कागद पुढे केला, अधिकाऱ्यानं तो बघितला आणि "हॅव अ गुड फ्लाइट". त्यांच्या पुढचं जोडपं मात्र, नवऱ्याकडे आठ हजार, बायकोकडे सात हजार, प्रत्येकी दहाच्या आत म्हणून निवांत होतं. तिथे एकत्र प्रवास करणाऱ्या कुटुंबाची रक्कम एकत्र धरतात. त्यांना बाजूला घेतलं. फॉर्म नसेल तर पैसे जप्त होऊ शकतात, थोडे नव्हे, सगळे.

मुंबईत परत आपला फॉर्म भरायचा तो वेगळाच.

चोरकप्पा

आमच्या आईनं परकराला आतून खिसा शिवला होता. दारातल्या बाई कॉन्स्टेबलनं हात लावताच ओळखलं आणि म्हणाली, "मावशी, पर्समध्ये ठेवा, तिथं तरी दिसतात." लपवलेले जास्त चौकशी ओढवून घेतात, एवढंच.

पुणे_विमाननगर

चोरकप्पा यांच्या आई निरागस होत्या, पण लपवणारे काय काय करतात! फेब्रुवारी २०२० मध्ये दिल्लीला सीआयएसएफनं दुबईला निघालेल्या एकाला धरलं. शेंगांच्या टरफलात, बिस्किटांच्या पुड्यात आणि शिजवलेल्या मटणात गुंडाळलेल्या नोटा, सुमारे ४५ लाख रुपयांच्या. आणि आपल्या पुण्यातलं प्रकरण फेब्रुवारी २०२५ चं: दुबईला गेलेल्या तीन विद्यार्थिनींच्या सामानातल्या वह्यांच्या पानांमध्ये चार लाखांवर डॉलर निघाले. बॅगा ट्रॅव्हल एजंटनं दिल्या होत्या, असं तपासात पुढे आलं.

माझा स्वतःचा अनुभव छोटा. दुबईला निघालो तेव्हा ओळखीतल्या एकानं "ऑफिसच्या फायली आहेत, तिकडे माणूस येईल घ्यायला" म्हणून पिशवी पुढे केली. मी म्हटलं, समोर उघड, एकेक फाइल चाळून बघतो. त्यानं पिशवी परत नेली. आता भेटलं तर नमस्कारही करत नाही.

कुवेतवाले_आजोबा

धाग्याच्या विषयात थोडं बाहेरचं. १९९० च्या ऑगस्टमध्ये इराकनं कुवेत घेतलं. आम्ही रस्त्यानं जॉर्डन गाठलं, तिथून एअर इंडियाच्या विमानानं मुंबई. कमरेला कुवेती दिनार बांधलेले. जगातल्या महाग चलनांपैकी एक, पण अम्मानमध्ये कोणी बदलून देईना. तपासणीत जवानानं पाहिले आणि परत माझ्या हातात ठेवले, त्यालाही त्याचं काही पडलं नव्हतं. तेव्हापासून मी दोन चलनांत थोडं थोडं ठेवतो. मुलं हसतात.

पासपोर्टवाली

आजोबा, विषयांतर चालेल, अजून लिहा.

नवखी_प्रवासी

दुबईहून येणाऱ्यांसाठी काही वेगळं आहे का? आणि मोजताना सगळ्यांसमोर नोटा काढायला भीती वाटते.

पूर्वीची_फॉरेक्स_डेस्क

यूएईत येता-जाता ६०,००० दिरहमच्या वर असतील तर तिथे घोषणा करावी लागते. सिंगापूरला हीच मर्यादा २०,००० सिंगापूर डॉलर. भारतात उतरल्यावरचे नियम वर दर्यावर्दींनी लिहिलेत तेच. मोजणी ट्रेपाशी होऊ देऊ नका. "आत खोलीत, कॅमेऱ्यासमोर मोजू या" म्हणा आणि बॅगेवरून नजर हलवू नका.

दर्यावर्दी_रत्नागिरी

आणि ताई, रेड चॅनेलला रात्री दोनलाही माणूस असतो, नसला तर हाक मारायची. प्रत्येक चलनाची रक्कम फॉर्मवर वेगळी लिहायची असते, तेव्हा ती यादी विमानातच करून ठेवा. पेन आपलंच न्या.