प्रतिसाद: दोन सीटांची गाडी

'दोनच सीटांची गाडी म्हणजे निव्वळ मिरवायची हौस' हे मत मला अजिबात पटलं नाही. माझ्याकडे पहिल्या पिढीची माझदा एमएक्स-५ आहे, म्हणजे कापडी छत उघडणारी, दोन सीटांची छोटी स्पोर्ट्स कार. १९८९ साली शिकागोच्या ऑटो शोमध्ये आलेलं मॉडेल, १.६ लिटरचं इंजिन, वजन टनाच्या आत. आजच्या गाड्यांपुढे ताकद काहीच नाही. पण खरी मजा ती चालवण्यात आहे: खालचा गिअर टाकताना चवड्याने ब्रेक दाबून धरायचा आणि त्याच पायाच्या कडेने अ‍ॅक्सिलरेटरला हलका टोला द्यायचा. इंजिनचा वेग चाकांशी जुळतो, क्लच सोडताना झटका बसत नाही. हे जमायला मला कित्येक महिने लागले. त्याचा सराव करताना तेवढा वेळ ऑफिसची कटकट आठवायचीही नाही.

कापडी छताचं पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या सीटमागे असतात. त्या तुंबल्या की दाराखालचा पत्रा आतून गंजतो (ही गाडी घेणाऱ्यांनी आधी तेच बघावं). त्या साफ करता करता मी हत्यारं हाताळायला शिकलो. आता रविवारी मुलगी टॉर्च धरून शेजारी बसते. ती कॉलेजात गेल्यापासून आम्ही इतकं बोललोच नव्हतो.