मदत हवी आहे: सिरोसिसच्या सीरममध्ये एलायझाचं बॅकग्राउंड (नको असलेला सिग्नल) खूप येतंय

नमस्कार मंडळी. मिरजेत लिव्हर कॅन्सरच्या ऑटोअँटिबॉडींची (शरीराने स्वतःच्याच प्रथिनांविरुद्ध बनवलेल्या अँटिबॉडींची) एलायझा, म्हणजे प्लेटवर रंगावरून अँटिबॉडी मोजायची चाचणी, बसवतोय. अँटिजेन, म्हणजे ज्यांना त्या अँटिबॉडी चिकटतात ती प्रथिनं, पी५३ आणि आयएमपी१, दोन्ही ई. कोलाय जिवाणूत बनवलेले. सीरम (पेशी काढलेला रक्ताचा द्रव भाग) १:१०० पातळ केलेलं, वरून अँटी-ह्यूमन आयजीजी एचआरपी (माणसाच्या आयजीजी अँटिबॉडीला चिकटणारी, एन्झाइम जोडलेली अँटिबॉडी), मग टीएमबी (रंग देणारं रसायन), रीडिंग ४५० नॅनोमीटरला.

रक्तदात्यांचं सीरम स्वच्छ येतं. सिरोसिसवाल्यांचं (यकृतात व्रण पडून ते कडक झालेल्यांचं) मात्र गाठ नसतानाही वर जातं, अँटिजेन न लावलेल्या वेलमध्येसुद्धा (प्लेटच्या खळग्यात) निळा रंग चढतो. सिरोसिसमध्ये एकूण आयजीजीच वाढलेलं असतं, ते प्लेटला चिकटत असणार. शिवाय आतड्यातल्या जंतूंचा माल यकृतात नीट गाळला जात नाही, म्हणून ई. कोलायविरुद्धच्या अँटिबॉडीही जास्त. अँटिजेन शंभर टक्के शुद्ध नसला की त्या तिथंच बसतात. आणि आपण समजतो कॅन्सरचा सिग्नल!

विचारायचंय ते असं: सीरम आधी ई. कोलाय लायसेटबरोबर (फोडलेल्या जिवाणूंच्या अर्काबरोबर) ठेवून कोणी अ‍ॅडसॉर्ब केलंय, म्हणजे त्या अँटिबॉडी काढून टाकल्यात का? किती प्रोटीन, किती वेळ? की सरळ १:४०० वर जावं? दर सीरममागे कोऱ्या वेलचं रीडिंग वजा करणं पुरतं का?

कटऑफ रक्तदात्यांच्या सरासरी अधिक ३ एसडीवर (प्रमाण विचलनावर) धरायचा नाही हे ठरलंय. कंट्रोल सिरोसिसचेच, ६ महिन्यांनंतरची सोनोग्राफीही स्वच्छ असलेले. असे साठवलेले नमुने सांगली-कोल्हापूरकडे कुणाकडे आहेत का? एथिक्स कमिटीची परवानगी हवीच.

'एएफपी (लिव्हर कॅन्सरसाठीची नेहमीची रक्तचाचणी) करा' एवढं कृपया सांगू नका. ते चालूच आहे, पण लहान गाठीत बऱ्याचदा नॉर्मल येतं आणि हिपॅटायटिस भडकला की उगाच चढतं.