मदत हवी आहे : धुकं नसलेल्या डोंगरांत अंतर कसं रंगवायचं? (पुणे ते लेह, गाडीने)

रानजाई

नमस्कार मंडळी,

सप्टेंबरच्या मध्याला आम्ही पुण्याहून गाडीने लेहला निघतोय. नवरा आणि मी आलटून पालटून चालवणार, सोबत कॉलेजात जाणारी मुलगी. जाताना नाशिक, धुळे, इंदूर, ग्वाल्हेर करत मनालीमार्गे वर, येताना कारगिल-श्रीनगरवरून खाली. प्रवास जवळपास महिनाभराचा आहे आणि माझ्या दृष्टीने तो मुळात चित्रं काढण्यासाठीच आहे. घरच्यांनाही हे मान्य आहे, फक्त गाडी थांबली की दर वेळी तासभर थांबणार नाही, एवढीच त्यांची अट.

मी जलरंगात निसर्गचित्रं करते. शाळेतल्या एलिमेंटरी-इंटरमिजिएटपासून हात सुरू आहे, आणि सुट्टीच्या दिवशी वाई, भोर, मुळशी या भागांत कुठेतरी बसून रंगवते. त्यामुळे माझा डोळा सह्याद्रीवर तयार झालाय. सर्वांत मागची रांग फिकट निळी, मधली जरा गडद, पुढचा डोंगर हिरवा-तपकिरी. पहिला वॉश (पाणीदार रंगाचा पातळ थर) ओला असतानाच मागची रांग त्यात विरू द्यायची. अंतर दाखवायचं निम्मं काम हवेतलं बाष्पच करून देतं.

लडाखची तयारी म्हणून मैत्रिणीने काढलेल्या फोटोंवरून सध्या सराव करतेय, आणि इथेच अडलेय. तिथे पार लांबचा डोंगरसुद्धा समोरच्या टेकडीइतकाच स्वच्छ दिसतो. सवयीने मागची रांग निळसर फिकी केली की चित्र लडाखचं राहत नाही, ताम्हिणीचं होतं. दिसतं तसं रंगवलं, तर सगळे डोंगर एकाच पडद्यावर चिकटवल्यासारखे येतात. शिवाय झाड नाही. आपल्याकडे उतारावर एक आंबा काढला की डोंगर केवढा ते कळतं. तिथे मापाला काय घ्यायचं?

म्हणजे मुख्य प्रश्न हा : हवा स्वच्छ असताना जलरंगात खोली कशी आणता? त्यासोबत व्यवहाराचेही काही आहेत. थंडीत आणि कोरड्या हवेत रंग, पाणी, कागद कसे वागतात? वीस मिनिटांच्या थांब्यात काय करावं आणि काय मुक्कामावर ठेवावं? निवांत बसण्यासारख्या जागा कोणत्या? ज्यांनी त्या रस्त्यावर प्रत्यक्ष बसून काढलंय त्यांनी तर सविस्तर लिहाच, पण ज्यांना नुसता रस्ता माहीत आहे त्यांचंही हवं आहे.

पाणरंग

रानजाईताई, प्रश्न फार नेमका आहे. आधी कारण सांगतो, उपाय त्यातूनच निघतो.

दूरचा डोंगर निळा दिसतो तो मधल्या हवेमुळे. हवा, बाष्प आणि धूळ उजेड विखुरतात आणि तो विखुरलेला उजेड डोंगराच्या मूळ रंगावर चढतो. मनाली-लेह रस्त्यावरच्या सार्चू-पांगच्या उंचीवर, म्हणजे ४३०० ते ४६०० मीटरवर, हवेचा दाब समुद्रसपाटीच्या ६० टक्क्यांच्याही खाली असतो आणि बाष्प अगदी थोडं. रंगावर चढायला मध्ये काही उरतच नाही.

याचा एक परिणाम फोटोत नीट कळत नाही, कारण कॅमेरा उजेड आपल्या मनाने सारखा करतो. सह्याद्रीत चित्रातली सर्वांत उजळ जागा बहुधा आकाश असते आणि डोंगर त्याहून गडद. लडाखमध्ये भर दिवसा उन्हातला उघडा उतार आकाशापेक्षा उजळ असतो. बर्फ तर असतोच, पण नुसती वाळूसुद्धा असते. आपण सवयीने फिका आकाशी वॉश देतो, मग उतार त्याहून गडद करावा लागतो, आणि तिथेच ऊन मरतं. म्हणून आकाश आधी आणि धीटपणे गडद लावा. वर अल्ट्रामरीन-कोबाल्ट हे गडद निळे, खाली येताना सेरुलियन हा फिका निळा. डोंगराची कड कोरी सोडून आकाश तिच्याशी नेऊन थांबवा. ती कड विरघळू द्यायची नाही, सुरीने कापल्यासारखीच हवी. ते वाळेपर्यंत डोंगराला हात लावू नका. तिथे वाळायला वेळही लागत नाही.

आता खोली. रंग फिका करता येत नसेल तर दुसऱ्या वाटा आहेत. पहिली, ढगांच्या सावल्या. एक अख्खी रांग सावलीत, तिच्या मागची उन्हात, असं मिळालं की अंतर आपोआप दिसतं. सावली पाच मिनिटांत सरकते, त्यामुळे पेन्सिलने तिची बाहेरची रेघ आधी मारून ठेवा आणि नंतर ती हलली तरी बदलू नका. दुसरी, तपशील. पुढच्या उतारावर दगड, घळी, माती वाहून गेल्याच्या खुणा दाखवा, मागच्या डोंगराला फक्त ऊन आणि सावली असे दोन सपाट डाग द्या. दिसत असले तरी तिथले दगड काढायचे नाहीत. तिसरी, माप. झाड नाही, पण रस्ता आहे, विजेचे खांब आहेत, चोर्तेन (बौद्ध स्तूप) आहेत, मालवाहू ट्रक आहेत. उतारावर नखाच्या टोकाएवढा एक ट्रक ठेवला की डोंगर केवढा ते कळतं.

आणखी एक, जे मला स्वतःला फार महत्त्वाचं वाटतं. आपला कातळ लाव्हाच्या आडव्या थरांचा. वर्षानुवर्षं तोच काढल्यामुळे हात आपोआप आडव्या रेघा मारतो. तिथले थर तिरपे, वळलेले, काही ठिकाणी चक्क उभे. बसल्यावर पहिली दोन मिनिटं फक्त थर कुठल्या दिशेला जातात ते शिसपेन्सिलने काढा. अर्धी खोली त्या रेघांतच असते.

घाटमाथा

चित्रातलं मला कळत नाही, पण रस्ता ओळखीचा आहे म्हणून लिहितो.

मनालीहून निघालात की अटल बोगदा लागतो, ९.०२ किलोमीटरचा, ऑक्टोबर २०२० पासून सुरू आहे. त्याआधी देवदार, ओल, ढग. पलीकडे सिस्सूला बाहेर पडलात की डोंगर उघडे, आभाळ कोरडं. पीर पंजालची रांग पावसाचे ढग अडवते, जसं महाबळेश्वरच्या या बाजूला वाईत पाऊस झपाट्याने कमी होतो तसंच. तुमचा धुक्याचा प्रश्न प्रत्यक्षात त्या बोगद्यात सुरू होतो. म्हणून एक चित्र बोगद्याच्या अलीकडे सोलंग बाजूला आणि एक सिस्सूत, लागोपाठ काढून बघा.

मग मुक्काम. मनाली साधारण २००० मीटरवर आणि सार्चू ४३००च्या आसपास. एका दिवसात तिथे जाऊन झोपू नका. जिस्पाला (सुमारे ३२०० मीटर) दोन रात्री राहा. भागा नदी शेजारून वाहते, बसायला भरपूर जागा आहे, आणि दुसरा अख्खा दिवस तुम्हाला चित्रांना मिळेल. खिंडींत मात्र चित्र काढत बसू नका. बारालाचा ला ४८९० मीटर, तांगलांग ला ५३२८. तिथे वारा असतो आणि दम लागतो. फोटो घ्या आणि उतरा. बसायचं तर बारालाचाच्या अलीकडे, चढताना लागणाऱ्या दीपक तालापाशी बसा. कुणाचंही डोकं दुखायला लागलं, उलटीसारखं झालं तर चित्र, फोटो सगळं सोडून खाली यायचं, यात तडजोड नाही. निघण्यापूर्वी डॉक्टरांशीही बोलून घ्या.

वेळेचं गणित असं की ओढे सकाळी ओलांडायचे, कारण दुपारी बर्फ वितळून पाणी वाढतं, आणि वाराही दुपारनंतरच सुटतो. सप्टेंबरात पाणी कमी असतं, तरी चालवणारा माणूस सकाळी थांबायला नाखूशच असतो. त्यामुळे पहाटे निघायच्या आधी मुक्कामाच्या जागीच एक चित्र उरका. वाटेत दिवसा फक्त छोटे थांबे. पांगनंतर मोरे मैदान लागतं, चाळीसेक किलोमीटरचा सपाट रस्ता आणि दोन्ही बाजूंना डोंगर. तिथे गाडी सुरक्षित बाजूला लावता येते. गाटा लूप्सच्या २१ वळणांवर मात्र थांबू नका, खालून ट्रक येत असतात. वरच्या टोकाला पोहोचल्यावर मोकळ्या जागी लावून खाली बघत काढा.

रानजाई

पाणरंग, आकाश उतारापेक्षा गडद, हे वाचून लगेच कागद काढला. जुनाच फोटो, तेच डोंगर, फक्त आकाश आधी आणि गडद. ऊन आलं! खोली अजून पूर्ण नाही, पण पडदा गेला. तुमचे खूप आभार.

घाटमाथा, जिस्पाच्या दोन रात्री पक्क्या केल्या. नवऱ्याला तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला, पहाटेची कल्पना त्याला सर्वांत जास्त पटली.

पण आता नवीन शंका. पहाटे सार्चू-पांगला पाणी गोठेल ना? आणि वीस मिनिटांत आकाश वाळवून मग डोंगर, हे जमेल का?

शिसपेन्सिल

वीस मिनिटांत रंगवायलाच हवं असं नाही. अंटार्क्टिकाच्या मोहिमांवर कॅप्टन स्कॉटसोबत गेलेले ब्रिटिश डॉक्टर आणि चित्रकार एडवर्ड विल्सन उघड्यावर फक्त पेन्सिलने काढायचे आणि चित्रातच रंगांच्या नोंदी लिहून ठेवायचे, कारण त्या थंडीत जलरंग चालतच नाहीत. मग तळावर परतल्यावर त्या नोंदींवरून रंगवायचे. तुम्हीही थांब्यावर रेघा, सावल्यांची हद्द आणि नोंदी एवढंच करा, रंग मुक्कामावर. नोंदी तुमच्या भाषेत लिहा. नुसतं 'तपकिरी' लिहिलंत तर संध्याकाळी काही आठवत नाही. 'कापलेल्या नाचणीच्या शेताचा', 'जुन्या वाड्याच्या विटेचा' असं लिहिलंत तर नेमका रंग परत सापडतो. प्रत्येक भागाला एक ते पाच असा आकडा द्या, एक सर्वांत उजळ. सावल्या-उजेडाचं सगळं गणित त्या आकड्यांत उतरतं.

आणि नग्गरला नक्की थांबा, मनालीच्या अलीकडेच आहे. रशियन चित्रकार निकोलस रोरिक १९२८ पासून १९४७ मध्ये जाईपर्यंत तिथे राहिले. त्यांचं घर आणि चित्रं बघायला मिळतात. त्याआधी १९२५ मध्ये ते मध्य आशियाच्या मोहिमेवर लेहवरून गेले होते. तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्यांनी टेम्परा या अपारदर्शक रंगात दिलंय. रांगेमागे रांग, प्रत्येक रांग जवळजवळ एकाच सपाट रंगाची, कडा धारदार, आणि अंतर दाखवायला एका रांगेतून दुसऱ्या रांगेत रंगाचीच उडी : जांभळ्यामागे निळा, त्यामागे पिवळसर पांढरा. हवेतलं धुकं नसलं तरी खोली येते, ती अशी. बोगद्याच्या आधी अर्धा दिवस तिथे घालवा, पलीकडे गेल्यावर डोळे वेगळे झालेले असतील.

छावणीतली

माझे यजमान लेहला नेमणुकीवर होते तेव्हा मी तिथे राहून रंगवलंय, त्यामुळे सामानाबद्दल लिहिते.

ट्यूबचं झाकण वर गेल्यावर सावकाश उघडा. आतली हवा फुगलेली असते, रंग स्वतःहून भळाभळा बाहेर येतो. पाणी भरलेले ब्रशही त्याच कारणाने गळतात, म्हणून ते वर जाऊन भरा. सर्वांत सोपं म्हणजे घरूनच ट्यूबमधले रंग डबीत काढून वाळवून न्यायचे. पहाटे पाणी खरंच गोठतं. थर्मासात कोमट पाणी ठेवा आणि बाटली रात्री पांघरुणात घेऊन झोपा. काही जण पाण्यात थोडी व्होडका घालतात, त्याने गोठणं लांबतं, पण रंग वेगळा पसरतो आणि मला ते कधी आवडलं नाही.

कोरड्या हवेत मोठा वॉश अर्ध्यात वाळतो आणि मध्ये कड उमटते. कागद लहान घ्या, पोस्टकार्डाच्या दुप्पट पुरे, जाड, ३०० जीएसएमचा. ब्रश मात्र मोठा. पाण्यात ग्लिसरीनचे एकदोन थेंब घातले तर जरा सवड मिळते. वीस मिनिटांसाठी माझा आवडता उपाय वेगळाच : खाकी कागद आणि पोस्टर कलर. कागदच डोंगराचा मधला रंग होतो. गडद आकाश, गडद सावल्या आणि उन्हाचे पांढरट डाग एवढंच लावायचं. दहा मिनिटांत उभं राहतं.

कागद नेहमी सावलीत धरा, छत्री न्या. तिथल्या उन्हात पांढरा कागद डोळे दिपवतो, आणि उन्हात ठीक वाटलेलं चित्र खोलीत आणलं की फार काळं दिसतं. गॉगल राखाडी काचेचा घ्या, तपकिरी काच सगळे रंग बदलते.

जागा : रुमत्सेकडून उपशीला उतरताना मिरूच्या आसपास जांभळे आणि हिरवट दगडांचे पट्टे आहेत. ते तसेच रंगवा, घरी कुणाला खरे वाटणार नाहीत. लेहच्या पुढे निम्मूला सिंधू आणि झंस्कार मिळतात, दोन पाण्यांचे दोन रंग वरच्या रस्त्यावरून स्पष्ट दिसतात. लामायुरूला जुन्या तळ्याच्या गाळाची पिवळी माती. शे आणि ठिकसेला सप्टेंबरअखेर पॉप्लर पिवळे व्हायला लागतात, म्हणजे तिथे तुम्हाला तुमची झाडं मिळतील. पूल, छावण्या, लष्करी गाड्या काढू नका. कुणी जवान विचारायला आला तर वही दाखवा. बहुतेक वेळा तो स्वतःचं गाव कुठलं ते सांगत उभा राहतो.

रानजाई

हे सगळं वहीत उतरवून घेतलंय. खाकी कागद आजच आणला. ताई, पॉप्लरचा पिवळा कसा करता? माझ्याकडचा लेमन यलो गडद निळ्या आकाशापुढे हिरवट दिसतो.

छावणीतली

लेमन ठेवा घरी. गॅम्बोज किंवा इंडियन यलो घ्या, सावलीच्या बाजूला त्यात बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी). झाडाची जागा आकाश लावताना कोरी सोडा, निळ्यावर पिवळा चढवला की हिरवा होणारच. खाकी कागदावर असाल तर आधी पांढरा पोस्टर कलर, तो वाळल्यावर पिवळा.