फोर्क दगडासारखा झालाय: आतलं काम करून घ्यावं की नवाच घ्यावा?

माझ्या माउंटन बाइकचा फोर्क (पुढचं चाक धरणारा, दणके झेलणारा भाग) एअर स्प्रिंगचा, म्हणजे कोंडलेल्या हवेवर चालणारा आहे. ट्रॅव्हल, म्हणजे जास्तीत जास्त दबण्याचं अंतर, १४० मिमी, नळ्या ३५ मिमी जाडीच्या, चाक २९ इंची. घेऊन पाच वर्षं झाली. मुळांवरून किंवा सुट्या दगडांच्या उतारावरून जाताना हँडल इतकं थरथरतं, की खाली पोहोचेपर्यंत बोटांना मुंग्या येतात आणि शेवटच्या वळणांवर ब्रेक दाबायला हात उरत नाहीत. फोर्क किती दबला ते दाखवणारं नळीवरचं रबरी कडं पाहिलं तर अवघड उतारानंतरही ते ९५ मिमीच्या पुढे सरकलेलं नसतं.

सायकल ज्यांना दाखवली त्यांनी सरळ नवा फोर्क घ्यायला सांगितलं. माझ्या सोबत चालवणाऱ्या एकाचं म्हणणं, फक्त वरच्या दर्जाचा डॅम्पर (ऑइलने फोर्कची हालचाल आवरणारा आतला भाग) टाक. मला स्वतःला वाटतंय, बदलायचाच असेल तर १६० चा घ्यावा. पैसे एकदाच खर्च करणं शक्य आहे, म्हणून तुमची मतं हवी आहेत. विरोधी मतं जास्त हवी आहेत.

बदलून टाका

पाच वर्षांचा फोर्क आहे. त्यात डॅम्पर टाकाल, मग एअर स्प्रिंग बदलावीशी वाटेल, सील किट (नळीभोवती ऑइल अडवणाऱ्या रबरांचा संच) तर लागेलच. तिन्हींची बेरीज केली तर मागच्या वर्षीच्या मॉडेलच्या चांगल्या फोर्कच्या जवळ पोहोचते, आणि खालचे पाय (ज्यांत नळ्या सरकतात) व बुशिंग (त्यांच्या आतल्या झिजणाऱ्या कड्या) मात्र जुनेच राहतात. सायकल विकायला काढलीत तर आत घातलेल्या डॅम्परचे वेगळे पैसे कुणी देत नाही. नव्या फोर्कला निदान वॉरंटी असते. मी जुन्या फोर्कवर असेच दोन हंगाम घालवले आणि शेवटी नवाच घेतला. ते दोन हंगाम मला परत हवे आहेत.

आधी उघडून तरी बघा

वरच्या प्रतिसादाशी पूर्ण असहमत. रोग कुठला ते कळलेलं नाही आणि आपण अवयव बदलायच्या गप्पा मारतोय.

ताई, शेवटची सर्व्हिस कधी झाली? रॉकशॉक्स आपल्या बहुतेक फोर्कना दर ५० तासांनी खालचे पाय काढून साफ करायला सांगते. फॉक्स १२५ तासांनी किंवा वर्षातून एकदा, जे आधी येईल तेव्हा, पूर्ण सर्व्हिस सांगते. आठवड्याला चार तास चालवत असाल तर ५० तास तीन महिन्यांतच भरतात. पाच वर्षांत एकदाही उघडला नसेल, तर सीलच्या खालच्या फोमच्या कड्या कोरड्या पडलेल्या असणार आणि तळाच्या ऑइलचा चिखल झालेला असणार. फोर्क तळापर्यंत जाईल की नाही ही पुढची गोष्ट, त्याला जागचं हलायलाच जोर लागत असेल. बारीक थरथर हातात येते ती इथून.

आणखी एक गोष्ट करून बघा, खर्च शून्य. खालच्या पायांत हवा कोंडते. कमी उंचीवर जोडलेला फोर्क उंचावर नेला किंवा ऊन तापलं, की ती हवा फुगते आणि न मोजलेली जादा स्प्रिंग होऊन बसते. काही नव्या फोर्कना ती सोडायला बटण असतं. नसेल तर प्लास्टिकच्या झिप टायचं बोथट टोक सीलच्या ओठाखाली हळूच सरकवा, नळीवर ओरखडा न पाडता. ‘फुस्स’ आवाज आला तर तुमच्या हरवलेल्या ट्रॅव्हलपैकी थोडा तिथेच होता.

ट्रॅव्हल पुरा न वापरला जाण्याची इतर कारणंही सांगतो. एअर चेंबरमध्ये घातलेले टोकन म्हणजे प्लास्टिकचे ठोकळे जागा कमी करतात, त्यामुळे शेवटचा भाग कडक होतो. टोकन नसले तरी चेंबरमध्ये ऑइल साचलं की तेच होतं. आणि रिबाउंड, म्हणजे दबलेल्या फोर्कचं परत वर येणं, फार सावकाश असेल तर एका दणक्यातून फोर्क वर यायच्या आत दुसरा दणका बसतो, मग तिसरा. फोर्क दबलेलाच राहतो आणि आपल्याला वाटतं कडक झालाय. यातलं काहीही नवा फोर्क आपोआप बरं करत नाही. उद्या नव्यात तीच हवा, तेच रिबाउंड ठेवाल आणि पुन्हा इथेच लिहाल.

साध्या लोखंडी स्प्रिंगचा असता तर

धागा वाचणाऱ्या नवशिक्यांसाठी. २८ मिमी नळ्यांचा, कॉइल स्प्रिंगचा, रिबाउंडची चकतीच नसलेला फोर्क असेल तर या वादात पडू नका. त्याची प्रीलोडची चकती फिरवून स्प्रिंग मऊ होत नाही, फक्त आधीपासून दाबून ठेवली जाते. त्यात सुधारायला आत काही नसतं. तो साफ करून, ग्रीस लावून चालवायचा, आणि नको झाला की बदलायचा. धागाकर्तीचा फोर्क तसा नाही.

१६० नको

दोन्ही बाजूंपैकी कुणीच १६० बद्दल बोललं नाही, म्हणून लिहितो. फोर्क २० मिमी लांब झाला की हेड अँगल (फोर्क बसतो त्या फ्रेमच्या पुढच्या नळीचा, हेडट्यूबचा कल) साधारण एक अंशाने सपाट होतो, पेडलांची उंची वाढते आणि चढावर पुढचं चाक भरकटायला लागतं. फ्रेम बनवणाऱ्याने किती लांबीपर्यंत परवानगी दिलीय ते आधी बघा, कारण जादा लांब फोर्कचा ताण हेडट्यूबवर पडतो. १४० पैकी ९५ वापरणाऱ्याला १६० ची गरज आहे, हे गणित मला पटत नाही.

आणि नवा घ्यायचाच झाला तर पुढच्या चाकाच्या हबची रुंदी मोजा: ११० मिमीचा, ज्याला बूस्ट म्हणतात, की १०० मिमीचा जुना. वापरलेला घेत असाल तर स्टीअरर (फ्रेममध्ये शिरणारी फोर्कची वरची नळी) किती कापलाय ते आधी विचारा. आखूड कापलेला स्टीअरर वाढवता येत नाही.

सर्व्हिस ठीक, पण साधा डॅम्पर साधाच राहतो

(‘बदलून टाका’ मीच लिहिलं होतं.) सर्व्हिसला माझा विरोध नाही, ती नव्यालाही लागते. माझा मुद्दा असा, की साध्या डॅम्परचा फोर्क साफ केला तरी साध्याच डॅम्परचा राहतो. रॉकशॉक्सच्या यारी आणि लिरिक या दोन फोर्कचा सांगाडा एकच होता, ३५ मिमी नळ्यांचा. फरक मुख्यतः डॅम्परचा, यारीत मोशन कंट्रोल नावाचा साधा आणि लिरिकमध्ये चार्जर नावाचा वरच्या दर्जाचा. लोक यारीत चार्जर टाकून लिरिक करायचे. ते शहाणपणाचं होतं, पण फोर्क नवा असताना. पाच वर्षं घासलेल्या सांगाड्यात महागडा डॅम्पर टाकणं मला पटत नाही.

धागाकर्ती: मोजून आले

सगळ्यांचे आभार. फोर्क पाच वर्षांत एकदाच उघडला होता, तोही तीन वर्षांपूर्वी. ही चूक माझी.

झिप टाय लावून पाहिला. डाव्या पायातून हवा निघाली, उजव्यातून नाही. पेडलांवर उभं राहून सॅग (नुसत्या वजनाने फोर्क किती दबतो ते) मोजला तर १८ मिमी, म्हणजे १३ टक्के. हवा मी फोर्कवरच्या तक्त्याप्रमाणेच भरली होती. एअरच्या बाजूचं झाकण उघडलं तर आत दोन टोकन निघाले. कारखान्यातूनच आलेले असावेत, मी कधी घातले नव्हते.

हवा कमी करून सॅग ३५ मिमीवर आणला. दणके थोडे मऊ झाले, पण आता फोर्क वर यायला जास्तच वेळ घेतो. रिबाउंडची चकती आधीपासून पूर्ण उघडी आहे, त्यापुढे फिरतच नाही. हे नॉर्मल आहे का? माझं वजन ५४ किलो आहे, त्याचा काही संबंध असेल का?

वजन! हे पहिल्या ओळीत लिहायला हवं होतं

संबंध आहे, आणि माझ्या मते सगळा वाद तिथेच मिटतो. माझं वजन ५१, त्यामुळे हा त्रास मी वर्षानुवर्षं काढला आहे.

हवेचा दाब आपण वजनाप्रमाणे बदलतो, पण डॅम्परमधल्या पातळ पत्र्याच्या चकत्या, ज्यांना शिम म्हणतात, त्या मध्यम वजनाचा माणूस धरून रचलेल्या असतात. हलक्या माणसाने हवा कमी केली की फोर्कला वर ढकलणारा जोरही कमी होतो. ऑइल मात्र तेवढ्याच अरुंद वाटेने जायचं असतं. म्हणून रिबाउंडची चकती पूर्ण उघडूनही तो सावकाश. कॉम्प्रेशनचंही, म्हणजे दबण्याचंही, तसंच: ८० किलोचा माणूस ज्या दगडावर शिम सहज वाकवतो, तिथे आपल्या वजनाला त्या जेमतेम हलतात. उरलेला दणका मनगटात येतो.

आता ‘नवा घ्या’ या सल्ल्याकडे बघा. नवा, महाग, उत्तम डॅम्परचा फोर्क आणला तरी तोही मध्यम वजनासाठीच रचलेला असण्याची शक्यता मोठी. मी तसा घेतला होता. आठवडाभर आनंद झाला आणि मग तीच मुंगी.

ताई, तुम्हाला वरच्या दर्जाचा डॅम्पर नको आहे, तुमच्या वजनाचा डॅम्पर हवा आहे. तुमचा डॅम्पर साधा, उघड्या ऑइलचा असेल तर आधी पातळ ऑइल घालून बघा. डब्यावरच्या ५ डब्ल्यूटी, २.५ डब्ल्यूटी या घट्टपणाच्या आकड्यांवर भरवसा ठेवू नका, एका कंपनीचं ५ दुसरीच्या ३ इतकं पातळ असू शकतं. ४० अंश सेल्सिअसला किती सेंटिस्टोक्स (घट्टपणाचं मोजमाप), हा आकडा जुळवून बघा. तेवढ्याने भागलं नाही तर सस्पेन्शनचं काम करणाऱ्याकडून शिम बदलून घ्या. दोन्ही टोकन काढा. टायरमध्ये हवा किती ठेवता तेही तपासा, आपल्या वजनाला बाकीच्यांइतकी लागत नाही.

पातळ ऑइलने ब्रेकवर बुडेल

वजनाचा मुद्दा माझ्या डोक्यात आला नव्हता, तो मान्य करतो. पण पातळ ऑइल फक्त दगडांवर सैल पडत नाही, ब्रेक दाबल्यावरही सैल पडतं. तीव्र उतारावर पुढचा ब्रेक धरला की फोर्क बुडणार आणि आपण हँडलवरून पुढे झुकणार. चांगल्या डॅम्परमध्ये हळू दाब आणि जोराचा दणका यांच्यासाठी वेगळ्या वाटा असतात, आणि त्यासाठीच लोक पैसे मोजतात. दुसरं, बुशिंग कुणीच विचारलं नाही. पुढचा ब्रेक दाबून धरा, नळी जिथे सीलमध्ये शिरते तिथे बोट टेकवा आणि सायकल पुढेमागे हलवा. हेडसेटचा (हँडल फिरतं त्या बेअरिंगचा) किंवा ब्रेक पॅडचा खेळ असेल तर तो बोटाखाली लागत नाही. लागला तर बुशिंग गेलंय. नळीवरचा थर नखाला अडकण्याइतका उडाला असेल तर तिथे खर्च करू नका. नळ्या क्राउनमध्ये (दोन्ही नळ्या जोडणाऱ्या वरच्या भागात) दाबून बसवलेल्या असतात, बदलायच्या तर अख्खा वरचा भाग घ्यावा लागतो.

धागाकर्ती: तीन आठवड्यांनंतर

फोर्क स्वतः उघडला, एका अनुभवी मैत्रिणीला शेजारी बसवून. उजव्या पायातलं ऑइल राखाडी निघालं, डाव्यात जवळजवळ काहीच नव्हतं. फोमच्या दोन्ही कड्या कोरड्या. नवे सील घातले, टोकन काढले आणि डॅम्परमध्ये आधीच्या साधारण निम्म्या सेंटिस्टोक्सचं ऑइल भरलं. रिबाउंड आता पूर्ण उघडा ठेवला तर चाक उसळतं, म्हणून चार क्लिक आत घेतला. आयुष्यात पहिल्यांदा त्या चकतीचा मला उपयोग झाला.

त्याच उतारावर कडं १२६ मिमीपर्यंत गेलं. मुंग्या खालपर्यंत आल्या नाहीत.

ब्रेकवर बुडतो, हे मात्र खरं निघालं. हवा थोडी वाढवून सॅग ३० मिमीवर आणला आणि एक टोकन परत घातला. तीव्र उतारावर अजून भरवसा वाटत नाही, पण आधीसारखे हात भरून येत नाहीत.

शिम राहिल्या

बुडणं नुसत्या ऑइलने जाणार नाही. पुढच्या वेळी हळू दाबाची वाट आहे तशी ठेवून फक्त दणक्याच्या बाजूच्या शिम पातळ करायला सांगा. एकच टोकन ठेवलात ते बरोबर केलंत. आणि बुशिंग?

धागाकर्ती: बुशिंग

बोट ठेवून दोनदा पाहिलं. उजवीकडे काही नाही. डावीकडे अगदी पुसट टक्क लागतं, चाक वळवून केलं तरी लागतं. नळ्या मात्र स्वच्छ आहेत, नख कुठे अडकलं नाही.

म्हणून आत्ता शिमचं काम करून घेतेय आणि हँडलला चिकटपट्टी लावून तिच्यावर तारीख लिहून ठेवलीय. ५० तास भरले की पाय पुन्हा काढणार आहे. तोवर डावीकडचा खेळ वाढलेला दिसला तर नवा फोर्क बघायला लागेन, १४० मिमीचाच.